यूझुफ्रक्ट : फळ कोणाचे, आणि डोंगर कोणाचा?

१. मित्रहो, शब्दांच्या इतिहासावरील आजचा धागा एका अनवट इंग्रजी शब्दाविषयी आहे : यूझुफ्रक्ट. कायद्याच्या ग्रंथांबाहेर तो फारसा भेटत नाही. परंतु रोममध्ये जन्मलेल्या या शब्दाची खरी परीक्षा आज आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडच्या डोंगरावर चालू आहे, असे माझे मत आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२. आधी स्थळ. सूरजागड एटापल्ली तालुक्यात आहे. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा झाला. येथील मुख्य वस्ती माडिया गोंडांची. डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि जानेवारीत तेथे परिसरातील गावांची जत्रा भरते. त्याच डोंगराच्या पोटात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे. एकाच डोंगराची ही दोन वर्णने. आपला प्रश्न या दोहोंच्या मधोमध आहे.

३. आता शब्द. यूझुफ्रक्ट म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची वस्तू वापरण्याचा आणि तिचे फळ घेण्याचा हक्क. लॅटिनमधील ‘उसुस’ म्हणजे वापर आणि ‘फ्रुक्तुस’ म्हणजे फळ, या दोन शब्दांचा हा जोड. ‘फ्रुक्तुस’ हा ‘उपभोगणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. म्हणजे रोमन माणसाने आधी उपभोगाला नाव दिले आणि मग त्याच नावाने झाडावरच्या फळाला हाक मारली. मराठीत आपण ‘फलोपभोग’ म्हणतो, तेव्हा हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात.

४. या हक्काचा उगम बहुधा घरगुती होता. रोमन गृहस्थ मृत्युपत्र करताना पेचात पडे : घर आणि शेत मुलांना मिळावे, पण पत्नीची आबाळही होऊ नये. तोड अशी निघाली की मालकी मुलांना द्यावी आणि विधवेला हयातभर फलोपभोग द्यावा. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी पतीची मालमत्ता हाती आलेल्या विधवेला ती उपभोगता येई, मात्र मर्जीप्रमाणे विकता येत नसे. दोन्ही व्यवस्था भिन्न आहेत, पण त्यांमागची चिंता ओळखीची आहे.

५. पण या व्याख्येला एक शेपूट होते, आणि आजच्या धाग्याचा सारा भार त्या शेपटावर आहे. रोमन विधिज्ञांनी अट घातली : वापरा, फळ घ्या, परंतु वस्तूचे मूळ सत्त्व शाबूत राहिले पाहिजे. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने विधिग्रंथ सिद्ध करवले, त्यांतही ही अट कायम राहिली. यूझुफ्रक्टचे म्हणून दोन नव्हे, तीन घटक आहेत : वापर, फळ आणि सत्त्वरक्षण. तिसरा घटक शब्दात उमटला नाही आणि बहुधा म्हणूनच तो विस्मरणात गेला.

६. ही अट पोकळ नव्हती. मेंढ्यांच्या कळपाचा फलोपभोग मिळाला, तर दूध, लोकर आणि कोकरे घेता येत. पण कळपातील मेंढी मेली तर तिची जागा कोकरांतून भरून काढावी लागे. कोकरू हे फळ, कळप हे सत्त्व. आपल्या कोणाही धनगराला हा नियम रोमन विधिज्ञांकडून शिकावा लागणार नाही.

७. जंगलाचे काय? कोणते वन तोडण्याजोगे मानावे, याविषयी सिसेरोचा समकालीन विधिज्ञ सेर्वियस याने दिलेली व्याख्या नमूद आहे : जे तोडल्यावर खोडापासून किंवा मुळापासून पुन्हा फुटते, ते. अशा वनाची तोड हे फळ ठरे. ही व्याख्या वाचताना मला तरी गडचिरोलीचे बांबूचे रान डोळ्यांपुढे दिसते. बांबू पुढे येणारच आहे. ही कसोटी तोवर मनात ठेवावी.

८. आणखी एक वाद चालला होता, तो अधिक अस्वस्थ करणारा. गुलाम स्त्रीचा फलोपभोग एकाकडे असेल, तर तिला झालेले मूल हे ‘फळ’ मानायचे का? ब्रूटस नावाच्या विधिज्ञाने नकार दिला आणि तेच मत टिकले. कारण असे दिले गेले की सृष्टीची फळे माणसासाठी आहेत, तेव्हा माणूसच फळ कसा ठरेल? यात करुणा शोधू नये. ते मूल अखेर मालकाचेच गुलाम राही. परंतु ‘फळ’ या शब्दाला कोठे तरी कुंपण हवे, एवढे भान त्या निर्दय व्यवस्थेलाही होते.

९. मग खाण? येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. रोमन कायदा फलोपभोगीला दगडाची खाण चालवू देत असे. मात्र चांगल्या घरधन्याच्या जबाबदारीने आणि शेतीला अपाय न करता. उलट, हुंड्यात आलेल्या जमिनीतील संगमरवराविषयी उल्पियन म्हणतो की तो फळ नव्हे. अपवाद फक्त जेथे दगड पुन्हा उगवतो तेथे. गॉलमध्ये आणि आशियात असे दगड असतात, असा त्या काळचा समज होता! समज चुकीचा, पण कसोटी लख्ख : पुन्हा येते ते फळ.

१०. हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत रुळला. त्याला तत्त्वज्ञानाची उंची दिली थॉमस जेफरसनने. ६ सप्टेंबर १७८९ रोजी जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात त्याने मांडले की पृथ्वी ही हयात पिढीकडे केवळ फलोपभोगासाठी असते. पुढच्या पिढीवर बोजा टाकण्याचा तिला अधिकार नाही. लिहिणारा स्वतः शेकडो माणसांना गुलाम म्हणून बाळगत होता, हेही विसरू नये. विचार मोठा आणि विचारवंत अपुरा, असे इतिहासात वारंवार दिसते.

११. भारतात हा शब्द १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून आला, तो गहाणाच्या एका प्रकाराचे नाव होऊन. सावकाराने जमिनीचा ताबा घ्यायचा आणि कर्ज फिटेपर्यंत पीक खायचे. खेड्यापाड्यांत यालाच ताबेगहाण म्हणतात. रोममध्ये जो हक्क विधवेच्या पोटासाठी जन्मला, तो येथे सावकाराच्या हाती लागला. शब्दांचेही असे दैव असते.

१२. पण आपली भाषा या बाबतीत दरिद्री होती असे समजू नये. दक्षिणेतील ताम्रपटांत ‘अष्टभोग’ येतात : निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध आणि साध्य. मराठेशाहीतील इनामपत्रांतही जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी मोजदाद आढळते. म्हणजे गाव दिले म्हणजे सारे दिले, असे आपले पूर्वज धरून चालत नसत. पाणी वेगळे, गवत वेगळे, दगड वेगळा. दस्त लिहिणाऱ्याला उपभोगाचे थर ठाऊक होते.

१३. सूरजागडच्या मुलखाकडे वळू. अहेरी-एटापल्ली भागाचा मोठा प्रदेश अहेरीच्या जमीनदारीत होता. १८५८ चा बाबूराव शेडमाके यांचा उठाव आणि त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला चांद्याला त्यांना झालेली फाशी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. ठाऊक नसतो तो दुसरा, कागदावरचा संघर्ष : जंगलातून लाकूड, गवत, मोह, मध आणणाऱ्या माणसाच्या कृतीला नाव काय द्यायचे? हक्क, की सवलत?

१४. १८७८ चा वन कायदा होताना इंग्रज अधिकाऱ्यांतच यावर मतभेद होते. बेडन-पॉवेल यांचा आग्रह असा की लोकांचा वापर ही सरकारने दिलेली सवलत; लेखी आधार नसेल तर हक्क नाही. डीट्रिख ब्रँडिस यांना वहिवाटीची अधिक कदर होती. कायद्याचा कल पहिल्या बाजूला झुकला. सवलत काढून घेता येते, हक्क काढून घेता येत नाही. पुढच्या शंभर वर्षांची व्यथा या एका शब्दभेदात सामावली आहे.

१५. मध्य प्रांतात मात्र एक देशी शब्द तगून राहिला : ‘निस्तार’. संस्कृतात निस्तार म्हणजे पार होणे, तरून जाणे. महसुली भाषेत त्याचा अर्थ झाला गावाची नित्याची गरज : जळण, कुंपणाचे काटे, घराचे बल्लीफाटे, गुरांची चराई. तुलना करून पाहा. रोमन शब्द उपभोगातून निघतो, आपला शब्द तरून जाण्यातून. एकात फळाची गोडी आहे, दुसऱ्यात पावसाळा निभावून नेण्याची चिंता. माझ्या मते दुसरा शब्द अधिक सखोल आहे.

१६. १९५१ साली जमीनदाऱ्या संपल्या. चांदा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, पण निस्तार शब्द सोबत आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये ‘निस्तारपत्रक’ आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा शब्द बहुधा अपरिचित वाटेल. चांद्याच्या म्हाताऱ्या माणसाला तो पाठ असतो.

१७. मग आला २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये हा शब्द सन्मानाने बसला : निस्तार, मग त्याला कोणतेही नाव असो, आणि संस्थाने व जमीनदाऱ्यांच्या काळातील असे हक्कसुद्धा. बेडन-पॉवेल यांच्या ‘सवलती’ला सव्वाशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर. याच कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचाही हक्क दिला. म्हणजे फळ आणि सत्त्वरक्षण, दोन्ही एका हाती.

१८. याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण १९२७ च्या वन कायद्यात ‘झाड’ या शब्दात बांबूही येत होता, तर नव्या कायद्यात तो गौण वनोपज होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. सेर्वियसची व्याख्या दोन हजार वर्षांनी मेंढ्यात खरी ठरली : मुळापासून पुन्हा फुटते, ते फळ.

१९. येथवर कथा समाधानाची आहे. परंतु बांबू पुन्हा फुटतो. लोहखनिज फुटत नाही. सूरजागड येथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीला २००७ साली मिळाला. वनहक्क कायदा अमलात आला तो ३१ डिसेंबर २००७ रोजी, म्हणजे त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. इतिहासात क्रमालाही अर्थ असतो.

२०. आता एका विशेषणाकडे लक्ष द्या : ‘गौण’. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी तिची शिफारस आवश्यक केली. लोहखनिज मात्र ‘प्रमुख’ खनिज. म्हणजे वाळू-मुरुमासाठी गावाचे मत अनिवार्य, पण सारा डोंगर उतरवायचा तर पेसाच्या त्या कलमात गावाचे नाव नाही. जे जे गौण, ते गावाचे. जे प्रमुख, ते वरचे. फळ गावाला आणि सत्त्व दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे.

२१. खनिजावर सरकारची मालकी आहे, हे महसूल संहितेचे कलम ४८ सांगते. सरकार जी रॉयल्टी घेते तिला मराठीत ‘स्वामित्वधन’ म्हणतात, स्वामीला द्यावयाचे धन. येथे जेफरसनचे पत्र आठवावे. पृथ्वी हयात पिढीकडे केवळ फलोपभोगासाठी असेल, तर त्या पिढीने निवडलेले सरकारही फलोपभोगीच ठरते, स्वामी नव्हे. आणि फलोपभोगी म्हटला की ती जुनी अट आलीच.

२२. विरुद्ध बाजू क्षुल्लक नाही. एटापल्लीच्या तरुणाला नोकरी हवी आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहिला आहे. आपण ज्या रुळांवरून आणि पुलांवरून जातो ते लोखंडाचेच आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी येथे खनिजवाहतुकीची अनेक वाहने जाळली. बंदुकीच्या छायेत कोणताच शब्द नीट उच्चारता येत नाही. खाण नकोच, असे लिहिणे मला शहरात बसून सोपे आहे. म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो : सत्त्व खर्ची पडणारच असेल, तर त्याच्या जागी काय ठेवणार?

२३. याचे एक उत्तर गोव्यातून आले आहे. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशनच्या खटल्यात लोहखनिजाच्या उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीकिमतीच्या १० टक्के रकमेचा एक कायम निधी उभारण्यास सांगितले. हेतू असा की पुढच्या पिढ्यांचाही त्यात वाटा राहावा. हा रोमन कळपाचाच नियम आहे : मेंढी गेली, कोकरू ठेवा.

२४. गडचिरोलीतही जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम तेथे भरावी लागते. पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर ती खर्चावी अशी योजना आहे आणि या गरजा खऱ्या आहेत. पण तो प्रामुख्याने आजच्या पिढीसाठीचा खर्च झाला, म्हणजे फळ झाले. माझे आग्रहाचे म्हणणे असे की गोव्याच्या धर्तीवर एक अक्षय निधी सूरजागडच्या नावे असावा, त्याच्या व्याजालाच हात लावावा, आणि त्याचा हिशेब माडिया व मराठी भाषेत ग्रामसभेपुढे वाचला जावा.

२५. आणि तरीही एक गोष्ट उरते. लोखंडाचा मोबदला पैशात ठेवता येईल. ठाकूरदेवाच्या ठाण्याचा ठेवता येईल का? १८ एप्रिल २०१३ रोजी ओडिशातील नियमगिरीविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरील देवाचा प्रश्न ग्रामसभांनी ठरवावा असे म्हटले आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. सूरजागडचा निकाल तसाच लागेल असे मी म्हणत नाही. विचारणाऱ्याने आधी विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी ऐकावे, एवढेच म्हणतो. गुलाम स्त्रीच्या मुलाविषयी रोमन विधिज्ञांनी जी रेघ ओढली, तशी एखादी रेघ आपल्यालाही ओढता आली पाहिजे : हे फळ नव्हे.

२६. इतिहासप्रेमी म्हणून आपण गड मोजतो, तहांच्या तारखा पाठ करतो. त्याच उत्साहाने आपल्या तालुक्याचे निस्तारपत्रक एकदा पाहावे, सामूहिक वनहक्काचा दावा कसा भरतात ते समजून घ्यावे, आजोबांना चराईचे नियम विचारावेत. हीही ऐतिहासिक साधनेच आहेत. फरक इतकाच की त्यांवरचे निकाल अजून लागायचे आहेत.

२७. तर मित्रहो, यूझुफ्रक्ट म्हणजे वापर अधिक फळ, असे कोणी सांगितले तर तिसरा घटक त्याला आवर्जून सांगावा : सत्त्व राखून. मोहाचे फूल वेचणारी माडिया बाई झाड तोडत नाही; पुढच्या चैत्रात तिला पुन्हा त्याच झाडाखाली यायचे असते. आपल्या जिल्ह्यात निस्तार, चराई किंवा देवराईसंबंधी कोणते शब्द रूढ आहेत, ते खाली अवश्य नोंदवावेत. धागा येथे पुरा करतो.